बर्टनची बिअर आणि ठाण्याचा मोह

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली मोहफुले गोळा करणे, साठविणे आणि त्यांची वाहतूक करणे यांवरील निर्बंध उठविले. झाडाखाली आपोआप गळून पडणारे एक फूल उचलताना स्वतंत्र भारतातील आदिवासीला कायद्याचे भय बाळगावे लागत होते, ही गोष्ट अनेक सुशिक्षितांना त्या निर्णयाच्या निमित्तानेच कळली असेल. हे निर्बंध आले कोठून, याचा शोध घेऊ लागले म्हणजे माग १८९२ सालापर्यंत जातो. आणि त्या कायद्याचा खरा अर्थ समजून घ्यायचा तर ठाणे जिल्ह्याबाहेरच्या, किंबहुना हिंदुस्थानाबाहेरच्या, एका गावाची हकीकत पाहावी लागते. ते गाव इंग्लंडच्या मध्यभागी ट्रेंट नदीच्या काठी वसलेले आहे. त्याचे नाव बर्टन.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून बर्टनची बिअर पिंपांत भरून मुंबई बंदरात उतरत होती. गोऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर ती प्रतिष्ठेची खूण ठरली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात कल्याणच्या पूर्वेला, मुरबाड-शहापूरच्या डोंगरपट्टीत, मोहाची दारू गाळणारा ठाकूर किंवा कातकरी मात्र गुन्हेगार ठरला. मुळात दोन्ही पेये खेड्यातली आणि दोन्ही घरगुती कसबातून आलेली. मग एकाचा उद्योग झाला आणि दुसऱ्याचा गुन्हा, हे कसे? इंग्रज उद्यमशील, त्याचे विज्ञान पुढारलेले, आपला माणूस अडाणी, हे उत्तर तोंडावर तयार असते. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे उत्तर अबकारी कायद्याच्या कलमांत दडलेले आहे.

नदी, पाणी आणि पिंप

बर्टनमध्ये मध्ययुगापासून मठ होता आणि मठातले जोगी बिअर बनवीत. सातूला मोड आणून ते वाळवायचे, भरडून गरम पाण्यात त्यांचा अर्क काढायचा, त्यात हॉपची फुले उकळायची आणि तो आंबवायचा, अशी ही कृती. इंग्लंडातील शेकडो गावांत ती ठाऊक होती. बर्टनचे वैशिष्ट्य होते त्याच्या विहिरींच्या पाण्यात. जमिनीतल्या जिप्समचा अंश त्या पाण्यात उतरलेला असे आणि त्यामुळे तिथली बिअर फिकट, नितळ आणि टिकाऊ होई. अठराव्या शतकाच्या आरंभी ट्रेंट नदी मालवाहतुकीस खुली झाली आणि ही बिअर हल बंदरातून बाल्टिक समुद्राकडे, थेट रशियापर्यंत जाऊ लागली. मालवाहतुकीचा धंदा करणाऱ्या विल्यम बास नावाच्या गृहस्थाने १७७७ साली बर्टनमध्ये स्वतःची ब्रुअरी काढली. दुसऱ्याचा माल वाहून नेणाऱ्याला बाजार कोठे आहे, हे आधीच ठाऊक झाले होते.

पुढे नेपोलियनच्या युद्धांनी बाल्टिकचा व्यापार मोडला आणि रशियाने लादलेल्या जबर जकातीने त्याचा शेवट केला. बर्टनच्या ब्रुअरांपुढे अंधार पसरला. त्या वेळी हिंदुस्थानातील बिअरचा व्यापार लंडनच्या बो भागातील हॉजसन याच्या हाती होता. त्याची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या गोद्यांजवळ. जहाजांच्या कप्तानांना खाजगी व्यापाराची मुभा असे आणि हॉजसन त्यांना दीर्घ मुदतीच्या उधारीवर माल देई. हिंदुस्थानाकडे येताना जहाजात जागा मुबलक, म्हणून नूरही स्वस्त. पण १८२०च्या सुमारास हॉजसनने उधारी आवळली आणि माल स्वतःच पाठविण्याचा घाट घातला. मक्तेदाराला आपला मक्ता अढळ वाटू लागतो, तेव्हाच त्याला प्रतिस्पर्धी निर्माण होतो. कंपनीच्या एका संचालकाच्या सूचनेवरून बर्टनच्या सॅम्युअल ऑलसॉपने १८२२ साली हिंदुस्थानासाठी बिअर तयार करून पाहिली. बर्टनच्या पाण्यात ती लंडनच्या बिअरहून सरस उतरली. बास आणि इतर ब्रुअरांनी त्याचा कित्ता गिरविला.

त्यानंतरची बर्टनची वाढ थक्क करणारी आहे. १८३९ साली तिथे रेल्वे आली. लंडनचे सेंट पँक्रास स्थानक १८६८ साली उभे राहिले तेव्हा त्याच्या तळघरातील खांबांमधील अंतर बर्टनच्या बिअरच्या पिंपांच्या हिशेबाने ठरविण्यात आले. १८७६ च्या पहिल्या जानेवारीला ब्रिटनमध्ये व्यापारचिन्हांची नोंदणी सुरू झाली, तेव्हा पहिल्या क्रमांकाची नोंद बासच्या लाल त्रिकोणाची झाली. १८८०च्या दशकात या लहानशा गावात सुमारे तीस ब्रुअऱ्या होत्या. गावाचे पाणी, गावाचे कसब आणि गावातच साठलेले भांडवल, या तिहींच्या बळावर एका प्रांतीय उद्योगाने जगाची बाजारपेठ काबीज केली.

कर घेणे आणि हात तोडणे

या यशोगाथेत सरकारचा वाटा कोणता? इंग्लंडातही मद्यावर कर होताच. मोड आणलेल्या सातूवर सतराव्या शतकाच्या अखेरीपासून कर होता आणि तो काही सौम्य नव्हता. तथापि कराचे धोरण उत्पादकाला जिवंत ठेवणारे होते. १८३० च्या बिअर कायद्याने तर दोन गिनी भरून कोणाही करदात्या गृहस्थास आपल्या घरी बिअर विकण्याचा, किंबहुना ती तयार करण्याचाही, परवाना मिळू लागला. मोठ्या ब्रुअरांची मक्तेदारी सैल व्हावी हा त्यामागील एक हेतू होता. १८८० साली ग्लॅडस्टनने सातूवरील कर रद्द करून तयार बिअरवर कर बसविला आणि कोणत्या धान्याची बिअर करावी, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य ब्रुअरला दिले. सरकारने वाटा घेतला, पण कारागिराचा हात तोडला नाही.

ग्लॅडस्टनच्या सुधारणेच्या दोनच वर्षे आधी, १८७८ साली, मुंबई इलाख्यात अबकारी कायदा संमत झाला. मीठ, अफू आणि अबकारी खात्याचे प्रमुख चार्ल्स प्रिचर्ड हे त्यामागील कर्ते पुरुष. गावोगाव विखुरलेल्या भट्ट्यांवर कर बसविणे सरकारला जिकिरीचे वाटत होते. त्यावर काढलेला तोडगा असा, की गावच्या भट्ट्या मोडाव्यात, गाळप मोठ्या मध्यवर्ती भट्ट्यांत एकवटावे आणि जिल्ह्यातील विक्रीचा मक्ता किमान रकमेची हमी देणाऱ्या धनिकास द्यावा. त्या काळच्या ठाणे जिल्ह्यात असलेल्या उरणला मोहाच्या दारूच्या अशा भट्ट्या होत्या. त्या पारशी व्यापाऱ्यांच्या हाती होत्या आणि तेथील दारू मुंबई शहरालाही पुरविली जाई. विशेष म्हणजे या भट्ट्यांना लागणारी मोहफुले गुजरातकडून येत. जिल्ह्यातल्या डोंगरात मोह फुलत होता, आणि जिल्ह्यातल्या भट्टीला मोह परप्रांतातून आणला जात होता! ताडी-माडीच्या प्रत्येक छेदलेल्या झाडावर कर बसल्याने किनाऱ्यावरच्या भंडाऱ्यांचा धंदाही याच कात्रीत सापडला.

एवढ्याने भागले नाही. घरची दारू एकदम महाग आणि बेकायदा झाली, तेव्हा ती चोरून गाळली जाणे अपरिहार्य होते. त्यावर उपाय म्हणून १८९२ साली मोहफुलांचाच कायदा करण्यात आला आणि तो ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांना लागू झाला. दारू गाळणे हा गुन्हा होताच. आता फूल बाळगणेही संशयास्पद ठरले. ज्या फुलांवर कातकरी-ठाकरांची कुटुंबे टंचाईच्या महिन्यांत पोट भरीत, ती फुले अबकारी शिपायाच्या तपासणीचा विषय झाली. इंग्लंडात १८३० साली ज्या सरकारने सामान्य माणसाला दोन गिनीत परवाना दिला, त्याच सरकारने साठ वर्षांनी ठाण्याच्या सामान्य माणसाच्या टोपलीतले फूल जप्त केले. दोन्ही कायद्यांचे शास्त्र एकच, अबकारीचे. फरक होता तो प्रजा कोणाची याचा.

या धोरणाने दारू कमी झाली असती तर गोष्ट वेगळी. पण सरकारी दुकाने वाढत गेली. महात्मा फुले यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेला पत्र लिहून दारूच्या दुकानांच्या वाढीला हरकत घेतली होती, आणि १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या अनुयायांनी पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन केले, ते याच कारणाने. अबकारीचे उत्पन्न वाढविणे हा ज्याचा हेतू, त्या खात्याला पिणारा कमी होऊन चालत नाही.

बर्टन खडकीला येते

याच काळात खुद्द बर्टनची विद्या हिंदुस्थानात आली. एडवर्ड डायरने १८५०च्या दशकात हिमालयातील कसौलीला ब्रुअरी काढली होती. १८८७ साली मूळ बर्टनच्या एच. जी. मीकिनने डायरच्या सिमला आणि कसौली येथील जुन्या ब्रुअऱ्या विकत घेतल्या आणि पुढे रानीखेत, डलहौसी, दार्जिलिंग अशा ठिकाणी नव्या उघडल्या. त्यांतली एक पुण्याजवळ खडकीला होती. जागांची यादीच पुरेशी बोलकी आहे: थंड हवेची ठिकाणे आणि लष्करी छावण्या. गोऱ्या शिपायाला बिअर स्वस्त मिळावी, यासाठी हा उद्योग इथे रुजविण्यात आला. सह्याद्रीच्या एका बाजूला खडकीत बर्टनच्या ब्रुअरला परवाना, आणि दुसऱ्या बाजूला शहापुरात मोहाच्या टोपलीवर जप्ती, असा तो काळ होता.

पुढे डायर आणि मीकिन यांच्या कंपन्या एकत्र आल्या. स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, नरेंद्रनाथ मोहन यांनी लंडनला जाऊन या कंपनीचे बहुसंख्य भाग मिळविले आणि ती मोहन मीकिन म्हणून प्रसिद्ध झाली. परकीयांनी रुजविलेला उद्योग स्वकीयांच्या हाती आला. ज्या उद्योगाची मुळेच उपटली गेली होती, त्याला मात्र हाती घेणारे कोणी उरले नव्हते.

दारूबंदीतून मळीकडे

१९४९ हेच साल मुंबई राज्याच्या दारूबंदी कायद्याचे. तत्पूर्वी खेर मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी जारी केली होती आणि बुडणाऱ्या महसुलाची भरपाई म्हणून शहरी मालमत्तेवर कर बसविला होता. महसुलावर पाणी सोडण्याची ती तयारी नैतिकदृष्ट्या थोर होती, यात शंका नाही. परंतु मोहफुलांवरील नियंत्रण दारूबंदीच्या राजवटीतही कायम राहिले. ब्रिटिशांना महसूल बुडण्याचे भय होते, नव्या राज्यकर्त्यांना नीती बुडण्याचे. टोपली जप्त होण्याचे थांबले नाही.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी महाराष्ट्राने दारूबंदी सैल केली आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूची रीतसर विक्री सुरू झाली. ही ‘देशी’ कशाची? उसाच्या मळीची. साखर कारखान्यांच्या मळीला बाजार मिळाला. मोहाला मिळाला नाही. एका कृषिमालाच्या पाठीशी संघटित सहकार होता, दुसऱ्याच्या पाठीशी डोंगरातल्या बायकांच्या टोपल्या. बिअरचे कारखानेही औरंगाबाद, तळोजे येथे उभे राहिले. आज राज्याला उत्पादन शुल्कातून मिळणारे वार्षिक उत्पन्न वीस हजार कोटी रुपयांच्या पुढे गेले आहे. २०२५ च्या जूनमध्ये शासनाने शुल्क वाढविले, राज्यातील उत्पादकांसाठी धान्यापासूनच्या मद्याचा एक स्वतंत्र वर्ग निर्माण केला आणि त्यातून आणखी चौदा हजार कोटींची अपेक्षा धरली. प्रिचर्डसाहेबांना या हिशेबात परके वाटावे असे काही नाही.

मोहन्याचा दाखला

स्थानिक उद्योगाचा अर्थ काय, हे कल्याणकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही. उल्हास नदीच्या काठी मोहने येथे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा अवाढव्य कारखाना होता. १९४६ साली स्थापन झालेल्या या कंपनीने मोहने-आंबिवलीच्या कित्येक पिढ्यांना पगार, वसाहत आणि शाळा दिल्या. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून होते. लगदा बाहेरचा, तंत्र बाहेरचे, भांडवल बाहेरचे. मोहन्याचे काय, तर पाणी, जमीन आणि श्रम. २००९ साली कारखाना बंद पडला आणि कामगारांच्या देण्यांचा प्रश्न त्यानंतर वर्षानुवर्षे रेंगाळला. गावापाशी पाणी आणि हात दोन्ही होते, परंतु त्यांच्या बळावर तो धंदा गावाला पुढे चालविता येण्यासारखा नव्हता.

मराठवाड्यातील बिअरच्या कारखान्यांचेही तसेच आहे. सातू उत्तर हिंदुस्थानातून येतो, स्थानिक असते ते पाणी. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात साठ टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश द्यावा लागला. बर्टनच्या पाण्याने बर्टनला श्रीमंत केले. इथे पाणी दुसऱ्याच्या धंद्यासाठी वाहून जाते.

बर्टनही अमर ठरले नाही, हे नमूद करणे प्राप्त आहे. तेथील पाण्याचे रहस्य रसायनशास्त्रज्ञांनी उलगडले आणि जिप्सम मिसळून कोठेही ‘बर्टनचे पाणी’ तयार होऊ लागले. १९३४ साली ऑलसॉप दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. २००० साली बासने आपला ब्रुअरीचा व्यवसाय एका बेल्जियन कंपनीला विकला. लाकडी पिंपांच्या रांगांत बिअर आंबविण्याची बर्टनची खास पद्धत मार्स्टनच्या ब्रुअरीत शेवटपर्यंत टिकून होती. तीही २०२४ साली थांबली. तरीही बर्टनला दोनशे वर्षांहून अधिक काळ स्वतःच्या मालाची किंमत मिळाली, आणि बिअर आजही तिथे होते. ठाण्याच्या मोहाला एवढी संधी एकदाही मिळाली नाही. तो स्पर्धेत हरला असे म्हणता येत नाही, कारण त्याला स्पर्धेत उतरूच दिले गेले नाही.

निर्बंध उठल्यानंतर

आता निर्बंध उठले आहेत. २०२२ साली मोहफुले आणि काजूबोंडे यांपासूनच्या मद्याला देशीऐवजी विदेशी मद्याच्या वर्गात स्थान देण्याचा निर्णयही झाला. मोह हा ‘विदेशी’ ठरावा, हा विनोद बाजूला ठेवू. खरा प्रश्न असा, की या दर्जाचा लाभ कोणाला होणार? विदेशी मद्याच्या कारखान्याचा परवाना, यंत्रसामग्री आणि शुल्क यांचा भार शहापूरच्या एखाद्या बचत गटाला झेपणारा नाही. तेव्हा फूल आदिवासीने वेचायचे आणि किंमत बाटलीवाल्याने घ्यायची, म्हणजे उरणच्या भट्टीचीच नवी आवृत्ती निघण्याचा धोका आहे. गोव्याने काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळविली. मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला ‘वारसा मद्य’ हा वेगळा वर्ग देऊन ते गाळण्याचे काम आदिवासी बचत गटांकडे सोपविले. अशा वाटा उपलब्ध आहेत.

यावर एक आक्षेप हमखास येईल आणि तो क्षुल्लक नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे ठाणे जिल्ह्यात काही कमी नाहीत. त्यांत आणखी एका दारूची भर कशाला? मात्र ही भर आजही पडतेच आहे. खाडीकाठच्या तिवरांत हातभट्ट्या पेटतात, त्यांत मोहही नसतो आणि नियमही नसतो. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, त्या दारूत मिथेनॉल होते. पारखलेले आणि मोजलेले पेय नाहीसे केले, की त्याची जागा विष घेते. शिवाय मोह म्हणजे केवळ दारू नव्हे. वाळविलेली फुले हे अन्न आहे, त्यांचा पाक आणि लाडू होतात, बियांचे तेल निघते. फूल मुक्त झाल्याने हे सारे मार्ग मोकळे होतात.

दारू हवी की नको, हा निर्णय त्या त्या गावाचा असावा. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला दोन अधिकार एकाच कलमात दिले आहेत: मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा, आणि गौण वनोपजाच्या मालकीचा. शहापूर तालुका या क्षेत्रात येतो. गावाने आडवी बाटली केली तर तिथे भट्टी नसावी. गावाने अनुमती दिली तर परवाना त्याच गावच्या गटाला, परवडणाऱ्या शुल्कात आणि तपासणीच्या अटीवर मिळावा. १८३० साली इंग्लंडने आपल्या खेडुताला दोन गिनीत जे दिले, तेवढेच हे मागणे आहे.

चैत्र लागला की मुरबाड-शहापूरच्या पट्टीत पहाटे मोह गळू लागतो आणि बायका उजाडण्यापूर्वी झाडाखाली पोहोचतात. ते फूल आता त्यांच्याकडून कोणी जप्त करणार नाही. आठवड्याच्या बाजारात त्याचा भाव मात्र अजून दुसराच कोणी सांगतो. अबकारी खात्याचा खरा सुधार त्या भावावरूनच मोजावा लागेल.